जुना कोट नव्या अंगावर बसवताना



लग्नसराई संपली की नवरदेवाचा कोट कपाटात जातो. रिसेप्शनला दोन-तीन तास अंगावर, मग वर्षानुवर्षं हँगरला. पुढे कधीतरी धाकटा भाऊ, भाचा नाहीतर मुलगा तो बाहेर काढतो आणि मापाचा प्रश्न येतो. कोट शिवणारे टेलर तालुक्याला असतात, गावातल्या माणसाला जवळची ती आपली ताई. त्यामुळे हे काम आता आपल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे येऊ लागलंय. काम चांगलं आहे, पण ब्लाउज वेगळा आणि कोट वेगळा. हे मला आणि आपल्या एका ताईंना कसं कळलं ते आधी सांगते.

गावातल्या एका काकूंनी काका गेल्यानंतर त्यांचा कोट मुलासाठी आणला. चार दिवसांनी मुलाची नोकरीची मुलाखत होती. बाही बोटांपर्यंत येत होती. ताईंना जरा धास्ती वाटत होती. मीच म्हटलं, "बाहीच तर कमी करायची आहे, होईल की!" मी समाजकार्य शिकले, शिवण नाही. तरी बोलले.

ताईंनी बाही दीड इंच कमी केली. आत एक इंच दुमड ठेवली आणि उरलेलं कापड कापून टाकलं. मुलाने कोट घातला तेव्हा दिसलं की खांदेच मोठे आहेत, दंडावर उतरलेत. तसंच तालुक्याला एका जुन्या टेलर मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "खांदा पाऊण इंच आत घेतो. पण मग बाही तेवढीच वर जाणार. आधी बाही का कापली?" ताई गप्प. मीही गप्प. दुकानात पैसे देऊन दुसरा मिळेल असा तो कोट नव्हता.

मास्तरांनी वाट काढली. आतली दुमड पाऊण इंच खाली सोडली, राहिलेल्या पाव इंचाला आतून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली. एक इंच दुमड होती म्हणून निभावलं. ती अर्धाच इंच असती तर बाही आखूडच राहिली असती. मुलगा तो कोट घालून मुलाखतीला गेला. आम्ही मात्र मास्तरांना विनंती केली, आणि त्यांनी एक दुपार आम्हाला शिकवलं. ते इथे क्रमाने देते. क्रमच महत्त्वाचा आहे.

१. आधी घालून बघा. ज्याला घालायचा आहे त्याला पूर्ण बाहीचा शर्ट आणि बूट घालून बोलवा. कोटाचं बटण लावायला सांगा. हात वर, पुढे करायला सांगा. नुसत्या टेपच्या मापावर काम घेऊ नका.

२. नजर पहिली खांद्यावर. खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथे संपली पाहिजे. खांद्यात पॅड असतो, छातीत कॅनव्हास किंवा बकरम असतं, आणि बाही काढल्याशिवाय खांदा कमी होत नाही. खांदा उतरत असेल तर काम मास्तरांकडे पाठवा. खांदा लहान पडत असेल तर सरळ सांगा, "हा कोट यांना होणार नाही."

३. आतली माया तपासा. कोट सैल करायचा असेल तर अस्तराची खालची शिवण चार बोटं उसवा आणि आत किती कापड सोडलंय ते बघा. माया नसेल तर कोट वाढणार नाही. असली तरी जुन्या शिवणीची भोकं आणि न विटलेला पट्टा बाहेर दिसू शकतो. हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवा.

४. मग अंग. घट्ट करायचं तर पाठीची मधली शिवण आणि बाजूच्या शिवणी यांतून थोडं थोडं घ्या. टाचण्या लावा, खडूने खूण करा, कच्चा टाका घाला, पुन्हा घालून बघा. सगळं मिळून दोन इंचांपेक्षा जास्त घेतलं तर खिसे मागे सरकतात आणि कोट ओढल्यासारखा दिसतो.

५. बाही सगळ्यात शेवटी. हात सरळ खाली सोडून मनगटाच्या हाडाशी खूण करा. शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसला पाहिजे. बाहीवरची बटणं नुसती शोभेची असतील तर ती काढून वर लावता येतात. खरी काजं असतील तर खालून बाही कमी करू नका. अस्तर थोडं सैल ठेवा, नाहीतर बाही आत ओढली जाते.

६. पँट. कंबरेसाठी कंबरपट्ट्यासकट मागची मधली शिवण उसवा. माया बहुतेक तिथेच असते. दीड इंचापेक्षा जास्त घेतलं की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात. खालची लांबी बूट घालूनच ठरवा.

७. इस्त्री. वर ओलसर सुती कापड ठेवूनच करा. आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी करून बघा. टेरिकॉट जास्त तापलं की चमकतं आणि ती चमक जात नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कापू नका. जास्तीचं कापड आत दुमडून ठेवा. फार जाड होत असेल तरच थोडं कमी करा. आज कोट मोठ्याच्या अंगावर आहे, उद्या धाकट्याच्या अंगावर जाईल. तेव्हा उसवणारीला आत काहीतरी सापडलं पाहिजे.

आता पैशाचं. "थोडंसंच काम आहे" म्हणून ब्लाउजच्या दरात घेऊ नका. उसवणं, टाचणं, दोनदा घालून बघणं, इस्त्री, हे सगळे तास वहीत लिहा. समजा तासाला ६० रुपये धरले आणि पाच तास लागले, तर मजुरी ३०० रुपये झाली. दोरा, अस्तर, पट्टी वेगळी. काम घेताना कोटावरचे डाग, भोकं, विटलेली जागा वहीत लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. म्हणजे नंतर वाद नको.

"हे मला जमणार नाही" असं म्हणायला लाजू नका. त्या दिवशी ताईंना तसं वाटतच होतं, मी त्यांना बोलू दिलं नाही. यापुढे कुठल्याही ताईला काम सांगताना मी आधी विचारणार आहे, "तुम्हाला काय वाटतं?"

पुढच्या मासिक बैठकीला शिवणकाम करणाऱ्या ताईंनी घरातला एक जुना कोट किंवा पँट आणावी. उलटी करून, कुठे किती माया आहे ते सगळ्या मिळून बघू. कात्री मात्र घरीच ठेवून या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक