ओतण्याआधीचं काम

लेकरा, कार्तिकी पौर्णिमेला तू कपिलधारला आलास, पण मन्मथस्वामींच्या दर्शनाची रांग, दिंड्या, पालख्या, घरात पाहुणे. बोलायचं राहूनच गेलं. जाता जाता एसटीच्या खिडकीतून तू विचारलंस, "मामा, घोड्याच्या तळव्यात ओततात ते पॅड मी एकट्यानं करू का?" मी नुसती मान हलवली. पुण्याचा शर्यतींचा हंगाम संपून घोडे आता मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेत, तुझा हात यापुढे तिथं चालणार. म्हणून सावकाश लिहून पाठवतो.

आधी तुझ्या आजोबांचं ऐक. दसऱ्यापासून ते मांजरसुंब्याच्या फाट्यावर बसायचे, ऊसतोडीला निघालेल्या बैलांना पत्र्या मारायला. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ पत्र्या. बैल पाडला, पाय बांधले की सगळ्यांची घाई सुरू. गाडी भरून तयार, मुकादम डोक्यावर उभा. आजोबा मात्र अंगठ्यानं तळवा दाबत बसायचे. अंगठ्याखाली तळवा दबला किंवा बैलानं पाय ओढला, तर त्या खुराला त्या दिवशी पत्री नाही. "आज झाकलं ते कारखान्यावर उघडं पडेल," असं म्हणायचे. घाटातल्या काळ्या दगडावरून, पुढं तापलेल्या डांबरावरून त्या जनावराला जायचं असायचं. कपिलधारच्या पोराला हे वेगळं सांगायला नको.

तुझ्याकडचं मटेरियल नवं आहे, पण धोका तोच जुना आहे. ते सगळं झाकून टाकतं.

शर्यतीच्या घोड्याला ते लागतं कशाला, हे नीट समजून घे. साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड भरधाव पळतो तेव्हा एका पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. या जातीचा तळवा मुळातच पातळ. कित्येकांचा सेंटिमीटरभरसुद्धा भरत नाही. त्यावर शर्यतीची अल्युमिनियमची प्लेट हलकी आणि चपटी, त्यामुळे तळवा जमिनीच्या अगदी जवळ येतो. एखादा खडा लागला की आत रक्त साकळतं आणि घोडा चार दिवस थबकत चालतो. पूर्वी यावर चामड्याचा पॅड बसवून आत डांबरात भिजवलेला ताग भरायचे. तो सैल झाला की वाळू आत शिरायची. आता दोन नळ्यांतलं पॉलियुरेथेन बंदुकीतून एकत्र होऊन येतं, तळव्याला काठोकाठ चिकटतं आणि साधारण मिनिटभरात रबरासारखं होतं. चांगली वस्तू आहे. जुनी माणसं तिला नावं ठेवतात, ते मला पटत नाही.

पण ओतायला लागतं मिनिट, आणि त्याआधी लागतो अर्धा तास. तो अर्धा तास कोणी मागितला तरी देऊ नकोस.

नाल काढली की खूर हातात घेऊन आधी वास घे. मधल्या त्रिकोणी मऊ गादीला, तबेल्यात पुतळी म्हणतात तिला, दोन्ही बाजूंनी खाचा असतात. त्यात काळं, चिकट, कुजकट वासाचं काही आलं तर खूर सडायला लागलंय. त्या दिवशी ओतायचं नाही. खाचा खरवडून, मोरचूद लावून, कोरड्या अंथरुणावर काही दिवस ठेवायचं. आत मोरचूद मिसळलेलं मटेरियलही मिळतं, पण ते निरोगी खुराची राखण करायला. सडलेल्या खुरावर त्याच्या भरवशावर राहू नकोस. मग चिमट्यानं सगळा तळवा दाबून पाहा, टोकापासून टाचेपर्यंत. एका जागी घोडा दचकला तर डॉक्टरला बोलाव. आत पू असेल आणि वरून तू झाकण घातलंस तर पू वर चढतो आणि केसांच्या कडेतून फुटतो. तसं झालं की महिना-दीड महिना जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या ऐन उमेदीत पुण्याच्या एका तबेल्यात श्रावणात मी घाईत एका घोडीच्या ओलसर खाचेवर ओतलं. शर्यत तोंडावर होती, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी "चालेल" म्हणालो. दहाव्या दिवशी घोडी पाय टेकेना. काढून पाहिलं तर आतून सगळं काळं. तिचा हंगाम माझ्यामुळं गेला. ती पाय उचलून माझ्याकडं बघत उभी राहायची ते अजून आठवतं. म्हणून तुला इतकं बजावतो.

पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसातला. तिथं ओल हाच पहिला शत्रू. धुतलेल्या पायावर तासाभरात ओतू नकोस. खूर फडक्यानं कोरडं कर, तारेच्या ब्रशनं घासून तळव्यावरचा सुटा भुसा काढ, मग केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मार. हाताला कोमट लागली पाहिजे, कढत नको. वाळलेला पाय खाली टेकवायचाच झाला तर कोरड्या पोत्यावर. तळवा चाकूनं कोरून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नकोस. जो पातळ आहे म्हणून आपण आधार देतोय, तोच आणखी पातळ करण्यात काय अर्थ? मुंबईत हवा दमट असली तरी हंगामात पाऊस नसतो, काम सोपं जातं. तिथं नाल आणि तळव्याच्या मधली बारीक वाळू तेवढी बघ.

आता ओतण्याचं. नवी नळी लावलीस की पहिली धार कागदावर सोडून दे, कारण सुरुवातीला दोन्ही द्रव सारखे मिसळलेले नसतात आणि तेवढा भाग कायम चिकट राहतो. टाचेकडं मऊ फोमचा किंवा पुठ्ठ्याचा बांध घाल, नाहीतर सगळं मागून वाहून जाईल. खाचांपासून सुरू करून पुढं ये, हवेचे बुडबुडे अडकू देऊ नकोस. वर प्लास्टिकचा कागद टाकून तळहातानं हलकेच सपाट कर. आणि मिनिटभर पाय वरच राहू दे. घट्ट होण्याआधी घोड्यानं पाय टेकवला तर त्याच्या वजनानं सगळं तळव्यावर चेपून बसतं, आणि आधाराऐवजी आपण आत खडा घालून देतो. म्हणून पाय धरायला त्या घोड्याचा रोजचा सईसच हवा. परक्या माणसाच्या हातात घोडा तेवढं मिनिटही शांत राहत नाही.

किती भरायचं यावर तबेल्यात वाद घालणारे भेटतील. माझं मत सांगतो. नालीच्या पातळीच्या किंचित खाली थांबायचं. वर आलं तर भार नालीवर यायच्या आधी तळव्यावर येतो, आणि गवतावरची पकडही जाते. जाड थर एकदम ओतू नकोस, जमताना ते तापतं. दोनदा पातळ ओत. कडक की मऊ, हे घोड्याच्या तळव्यावरून ठरव, दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. पातळ, दुखऱ्या तळव्याला मऊच. आणि ज्या घोड्याच्या खुरात आतलं हाड खाली झुकलंय, दोन्ही पुढचे पाय लांब टाकून जो मागं रेलून उभा राहतो, त्याला एक्स-रे आणि डॉक्टर असल्याशिवाय हात लावू नकोस. त्याला आधार कुठं द्यायचा आणि टोकाखाली कुठं मोकळं सोडायचं, ते चित्र बघूनच कळतं.

एक गोष्ट मला कोणी शिकवली नाही, चुकत चुकत कळली. तीन-चार आठवड्यांनी नाल बदलताना जुना पॅड अखंड निघतो. तो फेकू नकोस. उलटा करून बघ, तळव्याचा हुबेहूब ठसा असतो त्यात. कुठं चकाकी आलीय तिथं भार जास्त पडतोय. वास येतोय का, एखादी कडा काळी झालीय का, तळव्यावर लालसर डाग आहे का, हे त्या दोन मिनिटांत दिसतं. घोड्याचं नाव, कोणता पाय आणि तारीख त्यावर पेनानं लिहून ठेव. दोन-तीन महिन्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेस की खूर कुठं चाललंय ते तुला ट्रेनरच्या आधी कळेल.

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या परतायला लागतात, तेव्हा दोन दिवस सुट्टी काढून ये. येताना ते तुकडे पिशवीत घालून आण. आजोबांचा लाकडी ठोकळा अजून ओसरीत आहे, त्यावर मांडून एकेक बघू.