धडा : डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये हन्नाची गोष्ट वाचली जाते. मूल नाही म्हणून ती रडत प्रार्थना करते, आणि एली याजकाला वाटते की ही बाई दारू प्यालेली आहे. मूल नसलेल्या बाईला लोकांचे बोलणे ऐकावे लागते, ते असे जुनेच आहे. कोकणातल्या आपल्या बायका एलियाहू हानाबीला मलिद्याचा नवस बोलत. डॉक्टरांपाशी मात्र देण्यासारखे फारसे काही नव्हते. ही स्थिती ज्यांनी बदलली, त्यांपैकी एक डॉक्टर इथेच, तेल हाशोमेरच्या रुग्णालयात काम करीत होते.

ब्रूनो लुनेनफेल्ड यांचा जन्म 1927 साली व्हिएन्नामध्ये एका यहुदी कुटुंबात झाला. नाझींमुळे लहानपणीच त्यांना ते शहर सोडावे लागले. पुढे त्यांनी जिनीव्हात वैद्यकीचे शिक्षण घेतले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून निघणारे रस बाईच्या अंडाशयाला दर महिन्याला जागे करतात. ज्या बाईच्या शरीरात हे रस पुरेसे तयार होत नाहीत, तिला ते बाहेरून देता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता.

पण रस आणायचे कुठून? पाळी कायमची थांबली की अंडाशय थकते, आणि त्याला उठवण्यासाठी ग्रंथी जास्तच रस सोडू लागते. जास्तीचा रस लघवीवाटे बाहेर पडतो. पिएरो दोनिनी या रसायनतज्ज्ञाने रोममध्ये 1949 साली असा रस शुद्ध करून दाखवला होता, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. लुनेनफेल्ड ते काम हाती घेऊन 1957 च्या सुमारास रोमच्या सेरोनो कंपनीकडे गेले. पाळी गेलेल्या शेकडो बायकांची लघवी रोज गोळा करावी, अशी त्यांची मागणी होती. संचालकांनी ती धुडकावली. आपण तिथून रडतच बाहेर पडलो, असे लुनेनफेल्ड स्वतः सांगत. बाहेर त्यांना ज्युलिओ पाचेल्ली हे संचालक भेटले. ते पोप बारावे पायस यांचे पुतणे होते. त्यांच्या मध्यस्थीने इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध नन मदतीला आल्या. त्यांची निवडही विचारपूर्वक होती : एका जागी राहणाऱ्या, पाळी थांबलेल्या, आणि त्यांच्यात गरोदर कोणी असण्याची शक्यता नाही. गरोदर बाईच्या लघवीतले वेगळे रस मिसळले असते तर सगळा साठा बिघडला असता.

यहुद्यांच्या संहाराच्या काळात हेच पोप उघडपणे बोलले नाहीत, असा आक्षेप आजही घेतला जातो. त्यांच्याच पुतण्याने नाझींपासून वाचलेल्या एका यहुदी डॉक्टरला हात दिला. ज्यांनी स्वतः मूल न होऊ देण्याचे व्रत घेतले होते, त्या बायकांमुळे इस्राएलमध्ये 1962 साली या औषधाने पहिली मुलगी जन्मली.

औषध सोपे नव्हते. मात्रा जास्त झाली की जुळी-तिळी होत, अंडाशय सुजे, पोटात पाणी भरे, कधी जिवावर बेते. लुनेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली या त्रासाच्या पायऱ्या ठरवून दिल्या, म्हणजे कुठे थांबायचे ते डॉक्टरला कळावे. औषध शोधण्याइतकेच हेही काम मोठे होते, पण त्याची गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 साली भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणले, तेव्हा त्यांनी याच प्रकारचे औषध वापरले होते. अमेरिकेतल्या 1981 च्या पहिल्या अशा बाळामागेही तेच होते. पुढे मागणी इतकी वाढली की लघवी पुरेना, आणि 1990 नंतरच्या वर्षांत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून हा रस बनवू लागले.

शब्दार्थ : याजक – कोहेन, नवस – देवाला बोललेला शब्द, धुडकावणे – साफ नाकारणे, हात देणे – मदत करणे.

अभ्यास : 1. वृद्ध ननच का निवडल्या? 2. घरातल्या वडीलधाऱ्यांना मलिद्याच्या एखाद्या नवसाबद्दल विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून आणा.