नगरनियोजन आणि वस्तीतला नळ

शहराचे आरोग्य दवाखान्यात घडते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ते आधी पाण्यात आणि गटारात शोधावे लागते.

नागपूरची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. अंबाझरीचे, मग गोरेवाड्याचे, पुढे कन्हान व पेंचचे पाणी शहरात आले. १९३६च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास निर्माण झाला. १९५१ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. भूखंड पाडणारी संस्था एक आणि झाडलोट-पाणी पाहणारी दुसरी, अशी विभागणी या शहराने अनेक दशके अनुभवली. दोन दारांमध्ये अर्ज घेऊन फिरणारा माणूस बहुधा वस्तीतलाच असे.

१९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातील १८ विषयांत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांचे हितरक्षण आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे. (कोंडवाडेही आहेत!) कागद उत्तम आहे. परंतु कागद आणि पाणी यांतले अंतर आम्हाला महाडने शिकविले. तेथील नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी ओंजळभर पाण्यासाठी १९२७चा सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. न्यायालयातला अंतिम विजय १९३७चा.

आज जात विचारून नळ दिला जात नाही. विचारले जाते ते निराळे : वस्ती १९७१च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे काय? लेआउट मंजूर आहे काय? हे प्रश्न तांत्रिक आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण अघोषित वस्तीत कोण राहतात, हेही पाहिले पाहिजे. चोवीस तास पाण्याचा प्रयोग येथे प्रथम धरमपेठेत झाला आणि २०१२पासून संपूर्ण शहराची व्यवस्था पंचवीस वर्षांसाठी खासगी चालकाकडे गेली. योजना धाडसी होती. तिचे मोजमाप मात्र जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाशी उभे राहून करावे.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही वसतिगृहातील मुलांना घरच्या पाण्याची आठवडाभर नोंद ठेवण्यास सांगितले. बहुतेकांनी गुंड, बादल्या आणि वेळा लिहून आणल्या. एका मुलीच्या वहीत बादल्यांचा आकडा नव्हता. टँकर ज्या दिवशी येतो त्या दिवशी आई कामावर जात नाही, एवढेच तिने लिहिले होते. खाली आईच्या बुडालेल्या मजुरीची बेरीज होती.