‘त्यांची इच्छा काय असेल, फादर?’



काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मला रुग्णालयातून निरोप आला. अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या एका गृहस्थांना मी रुग्णाभ्यंग दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते ‘ब्रेन डेड’ म्हणजे मेंदूमृत झाल्याचे सांगितले आणि अवयवदानाविषयी विचारले. पत्नी, मुले, भाऊ सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय घरात कधी निघालाच नव्हता. शेवटी ते ‘नको’ म्हणाले.

महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांची पत्नी मला भेटली. “फादर, त्यांची इच्छा काय असेल हो? ते तर कुणालाच नाही म्हणत नसत.” माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या हातून पाप घडलेले नाही, होकार देण्याची सक्ती कुणावरच नाही, एवढेच मी त्यांना सांगू शकलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृत प्रियजनांची आठवण करतो, म्हणून आज हा विषय घेत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप पायस बारावे ह्यांनी १९५६ साली नेत्रदात्यांच्या संघटनेसमोर बोलताना मृत्यूनंतरचे नेत्रदान नीतीला धरून असल्याचे स्पष्ट केले. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९५ सालच्या ‘एव्हांजेलियुम व्हिते’ ह्या परिपत्रकात रोजच्या जीवनातील थोर कृत्यांमध्ये अवयवदानाची गणना केली. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२९६) मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त व पुण्यकारक कृत्य म्हणतो. मात्र दात्याची किंवा त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याची स्पष्ट संमती नसेल, तर ते नैतिकदृष्ट्या मान्य नाही, असेही तो बजावतो.

संमतीवर एवढा भर का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचा एक विचार आम्ही घोकला होता: आत्मा हे देहाचे ‘रूप’ आहे. म्हणजे देह हा अंगावरचा सदरा नव्हे. देह आणि आत्मा मिळून ‘मी’ होतो. म्हणूनच माणसाचा अवयव हा यंत्राचा सुटा भाग ठरत नाही. तो कुणी विकू नये, कुणी हिसकावू नये. तो फक्त द्यावा. आणि देणाऱ्याने आपले मन आधी कुणाला तरी सांगितलेले असावे.

नेहमीच्या शंका

१. मेंदूमृत माणूस कोमातून उठतो तसा उठणार नाही का?
नाही. कोमातील रुग्ण जिवंत असतो. मेंदूमृत्यूत मेंदूचे व मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबलेले असते. श्वास केवळ यंत्रावर चालतो. आपल्या देशात १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हे प्रमाणित करते. हे निकष काटेकोरपणे पाळले तर मृत्यूची खात्री मानता येते, असे संत जॉन पॉल ह्यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांना सांगितले.

२. पुनरुत्थानाच्या दिवशी मी डोळ्यांविना उठेन का?
आगीत जळालेल्या हुतात्म्यांचे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्यांचे पुनरुत्थान देव करू शकतो, तर आपले का नाही? संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय १५) पेरलेल्या बीजाचा दाखला देतो, तो घरी जरूर वाचावा.

३. अंत्यविधीला अडचण येते का?
नाही. शस्त्रक्रियेनंतर देह नीट शिवून सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन करतात. मिस्सा, दफन सारे नेहमीप्रमाणे होते. अपघाताच्या प्रसंगी पोलिसांच्या कामामुळे थोडा वेळ लागू शकतो. दानासाठी देहाची निगा राखण्याचा खर्च कुटुंबावर टाकता येत नाही.

घरी बोला

एक मेंदूमृत दाता हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड देऊन अनेकांना जीवन देऊ शकतो. नेत्रदान तर घरी मृत्यू आला तरी करता येते. त्यासाठी नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा, कारण डोळे साधारण ६ तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा.

‘नोट्टो’ ह्या राष्ट्रीय संस्थेकडे अवयवदानाचा संकल्प नोंदवता येतो. पण कार्ड खिशात असले तरी त्या वेळी विचारतात ते घरच्यांनाच. त्यांना तुमचे मन ठाऊक नसेल, तर कार्ड अपुरे पडते.

त्या घटनेनंतर मी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा जेवताना आईला माझी इच्छा सांगितली. “असलं अभद्र बोलू नकोस,” म्हणून ती ताटावरून उठली. मी गप्प बसलो. रात्री रोझरी झाल्यावर तीच म्हणाली, “माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माझे डोळे चालतील का रे?” चालतात, आई. चष्मा असला तरी, मधुमेह असला तरी चालतात.

बंधू-भगिनींनो, आज रात्री रोझरीनंतर दहा मिनिटे एकत्र बसा. कुणी ‘नाही’ म्हटले तर वाद घालू नका. तेही कळलेले बरे.

चिंतनासाठी व चर्चेसाठी
१. योहान १५:१३ वाचा. मृत्यूनंतरही प्रीती कशी करता येईल?
२. माझी इच्छा घरातील किमान दोघांना ठाऊक आहे का?
३. माझ्या जोडीदाराची, आईवडिलांची इच्छा मी कधी विचारली आहे का?

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू