परांचीवरून पडलेल्या कामगाराची भरपाई : हिशेब किती, खर्च किती

परांचीवरून कामगार पडला की पुष्कळदा दोन-चार दिवसांतच मुकादम दवाखान्यात येतो. त्याच्याकडे थोडी रोकड असते आणि एक स्टॅम्प पेपर. 'सर्व रक्कम मिळाली, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' असा मजकूर त्यावर आधीच टाइप केलेला असतो. घरच्यांना औषधांचे बिल भरायचे असते, गावाकडून माणसे यायची असतात, आणि त्या घाईत कोणीतरी अंगठा उठवते. पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्या कागदावर सही करू नका. आणि सही होऊन गेली असेल, तरी हक्क गेला असे समजू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई तर मालकाला वारसांच्या हातात परस्पर देऊन मोकळे होता येत नाही, ती भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते.

या हक्काचा पाया १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला आहे. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो, आणि हिशेबाचे सूत्र दोन्हीकडे तेच आहे. चूक कोणाची होती, हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे दाखवणे पुरते.

आता आकडे. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा ५० टक्के भाग, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के भाग घ्यायचा. वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्याने त्याला गुणायचे. तिशीतल्या गवंड्याला दिवसाला ७०० रुपये मिळतात आणि महिन्याला २६ हजेऱ्या भरतात, असे धरू. मजुरी होते १८,२०० रुपये. पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरले जातात. वय ३० साठी आकडा आहे २०७.९८. म्हणजे मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये आणि पूर्ण अपंगत्वाची १८,७१,८२० रुपये. पंचेचाळिशीच्या माणसासाठी आकडा १६९.४४ होतो आणि मृत्यूची भरपाई १२,७०,८०० रुपयांवर येते. बांधकामावरची आजची मजुरी पाहता ही १५,००० ची मर्यादा अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही स्टॅम्प पेपरसोबत येणाऱ्या रकमेशी हे आकडे ताडून पाहा.

अपंगत्व अर्धवट असेल तर कमाईची क्षमता किती टक्के गेली, त्या प्रमाणात रक्कम मिळते. वरच्या उदाहरणात ४० टक्के धरले तर ७,४८,७२८ रुपये. सगळ्यात मोठा वाद इथेच होतो. डॉक्टर शरीराचे अपंगत्व सांगतात, कायदा कमाईचे नुकसान विचारतो. कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले आहे की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान १०० टक्के आहे. कमरेत रॉड बसवलेला गवंडी पुन्हा परांचीवर चढू शकणार नसेल, तर त्याच्या वकिलाने हा निकाल पुढे ठेवलाच पाहिजे. माणूस काही महिन्यांनी बरा होणार असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो, जास्तीत जास्त पाच वर्षे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, म्हणून प्रत्येक बिल मूळ प्रतीत जपा.

मुकादमाकडे काही नाही, मग मागायचे कोणाकडे? बिल्डरकडे. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो, त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. कामगाराचा ईएसआय भरला जात असेल तर मार्ग वेगळा आहे. तेव्हा मालकाकडे नव्हे, ईएसआयकडे दावा करायचा.

दाव्याला खर्च किती? भीती वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, फोन १५१००. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे बाजू मांडू शकतो. खासगी वकील केलात आणि त्याने मिळणाऱ्या रकमेत टक्का मागितला, तर नाही म्हणा. असा वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. फी ठरावीक रकमेत ठरवा आणि पावती मागा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. खरा खर्च होतो तो तारखांना बुडणाऱ्या मजुरीचा आणि एसटीच्या भाड्याचा, त्याची तयारी ठेवा.

दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा, पण पुरावा पहिल्या दोन दिवसांतच गोळा व्हायला हवा. पडलेली परांची लगेच उतरवली जाते. त्याआधी बांबूंचे, तुटलेल्या फळीचे, सुटलेल्या बांधणीचे फोटो काढा. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर 'कामावर परांचीवरून पडून' हेच शब्द लिहिले आहेत का, ते वाचून घ्या. 'घरी पडला' असे कोणी लिहून घेतले, तर पुढे सगळी लढाई त्या दोन शब्दांशी होते. हजेरीचे कार्ड, फोनवर आलेली मजुरी, मुकादमाचे मेसेज, सोबत्यांचे नंबर हे सगळे ठेवा. 'त्याने बेल्ट लावला नव्हता' हे कारण मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालतच नाही. इतर जखमांतही कामगाराने जाणूनबुजून नियम मोडला, हे मालकाला सिद्ध करावे लागते. बेल्ट दिलाच नसेल तर कसे करणार?

मालकाने महिनाभरात पैसे भरले नाहीत, तर १९२३च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १२ टक्के व्याज लागते. टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

याशिवाय महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये आणि ७५ टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला २ लाख रुपयांचे सहाय्य आहे. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम, ही नोंदणीची अट. नूतनीकरण चुकले की हे सहाय्य अडकते, म्हणून कार्डाची तारीख आजच पाहा.

आणि सोसायटीच्या सदस्यांना एक विनंती. इमारतीच्या रंगकामाचा ठेका देताना ठेकेदाराकडे कामगारांच्या भरपाईची विमा पॉलिसी आहे का, त्यात माणसांची संख्या बरोबर आहे का आणि तिची मुदत काम संपेपर्यंत आहे का, हे कागद पाहून तपासा. त्याशिवाय एकही बांबू उभा करू देऊ नका.