मासा मेला, शिंपला जगला



मागच्या सहलीला आपण सेम्बावांग पार्कच्या किनाऱ्यावर गेलो होतो, ते तुम्हांला आठवत असेल. ओहोटी होती. वाळू थोडी उकरली की शिंपले हाती लागत होते. आपल्यातल्या एकीची आजी रत्नागिरीहून आलेली होती. तिने एक शिंपला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, या तर तिसऱ्याच की! पिशवी आणलीय का कोणी?" (तिसरी म्हणजे इथे इयत्ता नव्हे, हे शहाण्यांना सांगायला नको.) आम्ही "नको, आजी" म्हटले. त्यावर तिने विचारले, "का बरे? स्वच्छ धुऊन, खळखळून उकळल्या तर काय होणार आहे?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्हांला धड उत्तर देता आले नाही. ते आज देतो. पालकांनीही हा पाठ वाचावा.

सेम्बावांगसमोरचे पाणी मोकळा समुद्र नव्हे. सिंगापूर आणि जोहोर यांच्यामधली ती अरुंद सामुद्रधुनी आहे. १९२४ साली कॉजवे वाहतुकीला खुला झाला. त्या बांधामुळे सामुद्रधुनीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. आपला किनारा पूर्व भागात येतो. तेव्हापासून पाणी आरपार वाहत नाही, ज्या तोंडाने आत येते त्याच तोंडाने बाहेर जाते. दोन्ही काठांवरून नद्यानाल्यांतून खतासारखी द्रव्ये येऊन मिळतात. अशा पाण्यात ऊन आणि अन्न मिळाले की डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शेवाळ झपाट्याने वाढते. या वाढीला 'बहर' म्हणतात. नाव गोड आहे, पण काही जाती विष तयार करतात.

२०१४ साली याच सामुद्रधुनीत कार्लोडिनियम नावाच्या शेवाळाचा बहर आला आणि पिंजऱ्यांत पाळलेले मासे मेले. २०१५ च्या फेब्रुवारीअखेर पूर्व भागात पुन्हा तसाच प्रकार झाला. पाचशे टनांहून अधिक मासे गेले आणि पासिर रिसच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. या विषाने माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि मासा गुदमरतो. पाळणाऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मासा मेला, म्हणून सगळ्यांना कळले.

शिंपल्याचे तसे नाही. तिसऱ्या, कालवे, मसल (मालवणात यांना शिणाणे म्हणतात) हे सगळे पाणी गाळून जेवतात. पाणी आत ओढायचे, त्यातले बारीक शेवाळ ठेवून घ्यायचे आणि उरलेले बाहेर सोडायचे. मोठा मसल तासाला काही लिटर पाणी सहज गाळतो. शेवाळ विषारी असेल तर विषही आत साठत जाते. त्यांतले सर्वांत घातक विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. आपल्या मज्जातंतूंमध्ये सोडियमचे कण आत शिरण्याच्या बारीक वाटा असतात. हे विष नेमके त्या वाटेच्या तोंडाशी बूच बसावे तसे बसते. मग निरोप पुढे जात नाही.

मग शिंपला स्वतः का मरत नाही? हे कोडे आम्हांला फार आवडले. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या एका जातीचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जिथे असे बहर वारंवार येतात, तिथल्या शिंपल्यांच्या मज्जातंतूंमधील त्या वाटेच्या रचनेत एकच लहानसा बदल झालेला आढळला. त्यामुळे बूच घट्ट बसत नाही. जिथे बहर येत नाहीत तिथले शिंपले मात्र या विषाने लुळे पडतात, त्यांना वाळूत शिरता येत नाही आणि बरेच मरतात. म्हणजे जो शिंपला विष पचवून ठणठणीत राहतो, त्याच्याच अंगात विष जास्त साठते. आणि आपण बाजारात ठणठणीत तोच निवडतो!

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. सॅक्सिटॉक्सिन उकळल्याने नष्ट होत नाही. ते पाण्यात विरघळते, म्हणून तिसऱ्या उघडण्यासाठी वाफवल्यावर जे पाणी सुटते त्यातही उतरते. आपल्याकडे तर ते चवीचे पाणी टाकत नाहीत, रश्शात घालतात. रात्रभर पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, विष निघत नाही. त्याला वास नाही, चव बिघडत नाही. लसूण काळी पडते का, चांदीचे नाणे काळवंडते का, या परीक्षाही निरुपयोगी आहेत. पाणी लाल दिसले तर संशय घ्यावा हे खरे, पण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातले शिंपलेही विषारी असू शकतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा एका किलो मांसात ०.८ मिलिग्रॅम आहे. मिठाच्या दहाबारा बारीक कणांचे वजन साधारण तेवढे भरेल. हे फक्त प्रयोगशाळेतच कळते.

हे दूरदेशीचे नव्हे. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतील शिंपले खाऊन अनेक जण आजारी पडले आणि एक मुलगा दगावला. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील इंद्राणी आणि इद्या करुणासागर यांनी त्याचा अभ्यास केला. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमच्या बाजूला मसल खाऊन सात माणसे गेली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या पोर्ट डिक्सनलाही मसलमधून विषबाधा झाली.

लक्षणे ओळखता आली पाहिजेत. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एकदोन तासांत ओठांना, जिभेला मुंग्या येतात. मग चेहरा आणि बोटे बधिर होतात, चालताना तोल जातो. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. यावर उतारा नाही. मात्र कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर विष लघवीवाटे निघून जाते आणि माणूस वाचतो. म्हणून ओठ चुरचुरले तर लिंबूपाणी देत बसू नये, ९९५ ला फोन करावा आणि काय खाल्ले ते सांगावे.

आजीला आम्ही हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बरं, मग बाजारातून आणा, पण एकशिपी मीच करीन." बाजारात परवानाधारक दुकानी येणाऱ्या मालावर सिंगापूर फूड एजन्सीची देखरेख असते, किनाऱ्यावरून उचललेल्या पिशवीवर कोणाचीच नसते. एकशिपी फारच छान झाली होती.

गृहपाठ : तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवे, शिणाणे. यांपैकी कोणते शब्द तुमच्या घरी वापरतात आणि कोणाला काय म्हणतात, ते आजीआजोबांना विचारून पाच ओळींत लिहून आणा. चित्र काढल्यास उत्तम.