आधी वॉरंट, मग विमान

हेल्मेट नव्हतं, गाडीवर तिघं होते, लायसन्स घरी राहिलं होतं. खटला कोर्टात गेला, समन्स निघालं, तारखेला कुणी हजर झालं नाही आणि कोर्टाने वॉरंट काढलं. दोन-तीन वर्षांनी पोराला दुबईत काम मिळतं, किंवा कंपनी पुण्याहून दिल्लीला पाठवते, आणि घरात पहिला प्रश्न निघतो : विमानतळावर धरतील का? एवढ्या लहान गुन्ह्याचं वॉरंट विमानतळावर सहसा आडवं येत नाही. ते आडवं येतं पासपोर्टच्या अर्जात, पोलीस पडताळणीत, नाहीतर सणाला गावी आल्यावर. ते मिटवायची जागाही एकच : ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट. म्हणून पुढची सगळी कामं तिकीट काढण्याआधीची आहेत.

बीड जिल्ह्यात अशी वॉरंटं साचायला एक खास कारण आहे. दिवाळीच्या मागेपुढे निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईच्या हातात हवालदार समन्स देतो. घरातल्या सज्ञान माणसाला दिलेलं समन्स कायद्याने चालतं. आई अंगठा देते, कागद पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि विसरते. वॉरंट मात्र विसरलं जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ते कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत जिवंत राहतं. 'पाच वर्षं झाली, आता काय' हा पारावरचा सल्ला खोटा आहे.

खरंच वॉरंट आहे का, ते पाहा

ई-चलान थकलं म्हणजे वॉरंट निघालं असं नाही. आधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून थकबाकी बघा. चलान तिथेच भरता येत असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा. काही चलानं व्हर्च्युअल कोर्टात गेलेली असतात. त्यांचा दंडही कोर्टात न जाता ऑनलाइन भरता येतो. व्हॉट्सॲपवर 'तुमच्या नावाने वॉरंट आहे, ही फाईल उघडा' असा निरोप आला तर फाईल उघडू नका. कोर्ट एपीके फाईल पाठवत नाही.

मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा बीड निवडा, तालुक्याचं कोर्ट निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. गाडी जिथे अडवली तिथलं कोर्ट धरायचं, तुमच्या गावचं नव्हे. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईजवळ धरलेल्या केजच्या माणसाचा खटला केजला सापडणार नाही. लहान वाहतूक खटले बहुधा एस.सी.सी. म्हणजे समरी क्रिमिनल केस या प्रकारात नोंदलेले असतात. खटला उघडला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. टप्प्यात 'समन्स' असेल तर अजून वेळ आहे. 'बी.डब्ल्यू.' म्हणजे जामीनपात्र वॉरंट, 'एन.बी.डब्ल्यू.' म्हणजे अजामीनपात्र. खटला क्रमांक, कोर्ट आणि तारीख वहीत उतरवून घ्या. एका गावात एकाच नावा-आडनावाचे तिघे असतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि पोलीस ठाणं जुळतंय का ते पाहिल्याशिवाय घाबरू नका.

ऑनलाइन काही सापडलं नाही तर ठाण्यात समन्स-वॉरंटचं काम पाहणाऱ्या अंमलदाराकडे नोंद मिळते. अजामीनपात्र असेल अशी शंका असेल, तर ही चौकशी स्वतः न करता वकिलाकरवी करावी हे बरं.

कोर्टातला दिवस

सुट्ट्यांच्या आदला दिवस टाळा. काम एका दिवसात झालं नाही तर मध्ये सुट्ट्या येतात. सोमवार-मंगळवार उत्तम. पुढच्या तारखेची वाट पाहायची गरज नाही; 'प्रकरण आज बोर्डावर घ्यावे' असा अर्ज देता येतो.

वकील लावा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जा, दोन्ही कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कागद हे न्या : आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स, फोटो, गैरहजेरीच्या कारणाचा पुरावा, आणि सोबत एक जामीनदार. जामीनदाराकडे स्वतःचं आधार, ताजा सातबारा आणि आठ-अ असावा. कारखान्यावर होतो म्हणत असाल तर मुकादमाची उचल-पावती किंवा कारखान्याची स्लिप आणा, दवाखान्यात होतो म्हणत असाल तर डिस्चार्ज कार्ड. नुसतं 'समन्स मिळालं नाही' कोर्ट रोज ऐकतं. कागद पुढे केला की तेच वाक्य वजनदार होतं. जमीन नसेल तर जातमुचलका किंवा रोख जामीन मागायला वकिलाला आधीच सांगून ठेवा.

सकाळी साडेदहाला आवारात असा. वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून, लिपिकाकडे द्यायचा. मग बसायचं. पट्टेवाला पुकारा करतो तेव्हा चहाच्या टपरीवर असाल तर दिवस गेला. नाव पुकारलं की पुढे जाऊन उभं राहायचं आणि विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. वाहतुकीचे लहान गुन्हे जामीनपात्र असतात, त्यामुळे जामीन मिळणं हा तुमचा हक्क आहे. एकदा जामीन घेऊन पुन्हा तारखा चुकवल्या असतील, तर मात्र कोर्ट तो नाकारू शकतं. अजामीनपात्र वॉरंट रद्द होताना जामिनाचे कागद पुरे होईपर्यंत पोलिसाजवळ बसवून ठेवलं जाईल. म्हणून जामीनदार कोर्टाच्या दारातच हवा, गावात नको.

यात किती भ्यावं? याच जिल्ह्यात परळीच्या कोर्टाने राज ठाकरे यांच्यावर वॉरंट काढलं होतं. खटला २००८ सालच्या एसटी बसवरील दगडफेकीचा, म्हणजे वाहतूक गुन्ह्यापेक्षा जड. तारखांना गैरहजर राहिल्याने वॉरंट निघालं. १८ जानेवारी २०२३ रोजी ते मुंबईहून परळीला येऊन कोर्टापुढे उभे राहिले, कोर्टाने ५०० रुपये दंड करून वॉरंट रद्द केलं. स्वतः हजर होणाऱ्याशी कोर्ट वेगळं वागतं, मग तो नेता असो की ऊसतोड्या.

वॉरंट रद्द झालं तरी मूळ खटला शिल्लक असतो. गुन्हा कबूल केलात तर बहुधा दंड भरून त्याच दिवशी विषय संपतो. हेल्मेट, सीटबेल्ट, तिघांची सवारी यांत हा रस्ता सोपा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असेल (मोटार वाहन कायदा, कलम १८५) तर वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नक्कल काढा आणि ठाण्यात पोचवा

लोक इथेच गाफील राहतात. दंड भरला, पावती खिशात घातली, सुटलो म्हणून पेढे वाटले. पण वॉरंटाचा मूळ कागद अजून ठाण्यात असतो आणि रद्द झाल्याची खबर तिथे आपोआप पोचेलच असं नाही. त्याच दिवशी आदेशाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा, दोन प्रती मागा. मिळाल्यावर एक प्रत साध्या अर्जासोबत ठाण्यात द्या आणि आपल्या झेरॉक्सवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. तोंडी 'ठीकंय, ठेवा' चालत नाही. त्यानंतर आठवड्याभराने ई-कोर्ट्सवर टप्पा बदलला का ते पुन्हा पाहा.

पासपोर्ट

पासपोर्टच्या अर्जात फौजदारी खटला प्रलंबित आहे का, समन्स किंवा वॉरंट निघालं आहे का, असं सरळ विचारलेलं असतं. खरं लिहा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम ६(२) प्रमाणे प्रलंबित खटला किंवा वॉरंट हे पासपोर्ट नाकारायचं कारण आहे, आणि माहिती लपवणं हा कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. पाचशेच्या चलानासाठी हा गुन्हा अंगावर घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

खटला लवकर संपणार नसेल तर त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी घ्या. अशा परवानगीवर पासपोर्ट देण्याची सोय केंद्र सरकारच्या २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेत आहे. कोर्टाने मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जात किती वर्षांची परवानगी हवी ते स्पष्ट मागा. नोकरीचा करार सोबत जोडा.

विमानतळावर

जिल्ह्यात विमानतळ नाही. आपण चिकलठाणा, पुणे नाहीतर मुंबई गाठतो. देशातल्या प्रवासात दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, कोर्टाच्या नोंदी पाहत नाही. तरीही अटक वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं, हे ध्यानात असू द्या.

परदेशी जाताना इमिग्रेशन लागतं. तिथे अडवतं ते लुकआउट सर्क्युलर. ते साध्या चलानाच्या वॉरंटासाठी निघत नाही. गृह मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे दखलपात्र गुन्ह्यात, अटक किंवा कोर्ट मुद्दाम चुकवणाऱ्यासाठी, पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरून त्याची मागणी होते. अदखलपात्र प्रकरणात प्रवाशाला रोखता येत नाही, फक्त त्याच्या येण्याजाण्याची खबर मागता येते. तरी आदेशाची नक्कल आणि दंडाची पावती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको. मुलगा अमेरिकेत असेल तर त्यालाही विचारून ठेवा. तिथे वेगाच्या तिकिटाची तारीख चुकवली की कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि भारतातून परत जाताना तिथला इमिग्रेशन अधिकारी त्याच नोंदीवरून बाजूला बसवू शकतो.

हे सगळं करायच्या आधीच कुणी वॉरंट घेऊन समोर आला, तर पळू नका आणि हुज्जत घालू नका. वॉरंट दाखवा म्हणा, दाखवणं पोलिसाला बंधनकारक आहे. जामीनपात्र असेल तर त्यावर लिहिलेल्या रकमेचा जामीन देऊन जागेवर सुटता येतं. अजामीनपात्र असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावं लागतं, आणि नातेवाइकाला कळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मोफत नंबर लावा.